शनिवार-रविवारचा वार्ताहर

मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, "अहो, उन्हाळाभर तुम्ही शनिवार-रविवारी गायब असता, जाता तरी कुठे?" "सॉफ्टबॉल बघायला," असे सांगितले की समोरच्याला वाटते, मुलगी खेळत असणार. मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली हे कळल्यावर मात्र त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो इथे लिहीत नाही.

खरी गोष्ट अशी की कनेक्टिकटमधल्या आमच्या भागातल्या एका छोट्या साप्ताहिकासाठी मी हौशी सॉफ्टबॉल स्पर्धांची वार्तापत्रे लिहितो. पोट भरते इंजिनिअरिंगवर. या लिखाणातून गाडीच्या गॅसचे पैसेही सुटत नाहीत. तरी का जातो आणि तिथे नेमके काय बघायचे असते, ते एकदा सविस्तर सांगावे म्हणून हा लेख.

सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे धाकटे भावंड. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या एका बोट क्लबात काही तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, दांडक्याची बॅट केली आणि हॉलमध्येच खेळायला सुरुवात केली. 'सॉफ्टबॉल' हे नाव मात्र पुष्कळ नंतर, १९२६ साली सुचवले गेले. नावावर जाऊ नका. आजचा चेंडू चांगला टणक असतो. त्याचा घेर १२ इंच, म्हणजे बेसबॉलपेक्षा मोठा, आणि तो खांद्याखालून, आपल्या गल्लीतल्या अंडरआर्म क्रिकेटसारखा टाकायचा.

यात दोन प्रकार आहेत. 'स्लो पिच'मध्ये चेंडू उंच कमानीत, संथ येतो. ऑफिसच्या पिकनिकला आपण खेळतो तो हाच. 'फास्ट पिच'मध्ये हात पवनचक्कीसारखा पूर्ण गरकन फिरवून चेंडू सोडतात. अंडरआर्म म्हणून हसणाऱ्यांसाठी एक ढोबळ हिशेब देतो. महिलांच्या खेळात पिचरचे अंतर ४३ फूट असते. ताशी ६५ मैल वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.४५ सेकंदात कापतो. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. तेवढ्याच वेळात ६६ फूट कापायचे तर वेग हवा ताशी १०० मैल! २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने तो टप्पा ओलांडला तेव्हा साऱ्या जगात गाजावाजा झाला होता. आमच्या कनेक्टिकटच्या जोन जॉइसने तर साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रदर्शनी सामन्यात टेड विल्यम्ससारख्या बेसबॉलच्या महारथीला हैराण करून सोडले होते. ती स्ट्रॅटफर्डच्या 'ब्रेकेट्स' संघाची. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या आश्रयाने उभा राहिलेला हा संघ, म्हणून हे नाव.

आता स्पर्धेविषयी. पहाटे चारला निघायचे. डिकीत घडीची खुर्ची, छत्री, स्कोअरची वही, चार पेन्सिली, चहाचा थर्मास आणि सौ.ने दिलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी. मैदाने बहुधा गावाबाहेर, एका ठिकाणी चार-सहा. बऱ्याच स्पर्धा 'डबल एलिमिनेशन' पद्धतीच्या, म्हणजे दोनदा हरल्याशिवाय संघ बाहेर जात नाही. १६ संघ असले तर १५ जणांना दोनदा हरवायला ३० सामने लागतात. विजेता वाटेत एकदा हरला असेल तर ३१. एकदा हरलेल्यांची मालिका वेगळी चालते. शनिवारी सकाळी आठलाच हरलेला संघ त्या मालिकेतून एकामागून एक सामने जिंकत रविवारी संध्याकाळी अंतिम सामन्यात उभा राहू शकतो. नवखा वार्ताहर विजेत्यांच्या मागे फिरतो. मी पराभूतांच्या मैदानाशी खुर्ची टाकतो, कारण लिहिण्यासारखे बरेचसे तिथेच घडते.

खेळणाऱ्या कोण? नर्स, शिक्षिका, टपाल वाटणाऱ्या, बँकेत काम करणाऱ्या. प्रवेश फी वर्गणी काढून भरायची, मोटेलच्या एका खोलीत चौघींनी राहायचे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल प्रथमच आला. अंतिम सामन्यात अमेरिकेने चीनला ३-१ असे हरवले. त्यात दोन धावांचा निर्णायक होमरन मारणारी डॉट रिचर्डसन हाडांच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेणारी निवासी डॉक्टर होती! २००८ नंतर हा खेळ ऑलिंपिकमधून गेला, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपुरता परतला, आणि आता २०२८ च्या कार्यक्रमात पुन्हा आहे. पण शिखरावरच्या या मोजक्या जणी सोडल्या तर बाकीच्यांना ना पैसा, ना टीव्ही. त्यांच्या खेळाची नोंद उरते ती कोणाच्या तरी स्कोअरच्या वहीत, आणि जमल्यास आमच्यासारख्यांच्या चार ओळींत.

म्हणूनच त्या चार ओळी जपून लिहाव्या लागतात. हे मला एका चुकीने शिकवले.

वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाली की लिहायचे ६-३. पण चेंडू सुटला तर? साधारण प्रयत्नात अडवता येण्याजोगा असेल तर क्षेत्ररक्षकाच्या नावावर 'एरर'. नाहीतर बॅटरच्या खात्यात 'हिट'. हा निर्णय वही लिहिणाऱ्याने करायचा. एका उपांत्य सामन्यात शेवटच्या डावात शॉर्टस्टॉपकडून चेंडू सुटला आणि सामना गेला. मी बेधडक लिहिले, 'शॉर्टस्टॉपच्या चुकीमुळे पराभव.' नावासकट छापून आले.

महिन्याभराने दुसऱ्या गावी ती भेटली. रागावली नाही. तिने विचारले, "तुम्ही त्या दिवशी पहिल्या बेसच्या मागे बसला होतात ना?" मग मैदानावर नेऊन जिथे माती संपते आणि हिरवळ सुरू होते ती कड दाखवली. "चेंडू अशाच कडेवर आपटून खांद्यापर्यंत उसळला. तुमच्या जागेवरून ते दिसले नसणार." नियमाप्रमाणे असा अवचित उसळलेला चेंडू म्हणजे हिट. निघताना ती म्हणाली, "सतरा वर्षे खेळले. पेपरात माझे नाव आले ते तेवढेच."

काय बोलणार? पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती आली. पण दुरुस्ती कोण वाचतो? शिवाय मूळ कात्रण तिच्या आईने आधीच जपून ठेवले होते.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. बसायचे होम प्लेटच्या मागे, जाळीपाशी, कारण तिथून चेंडूची उसळी बरी दिसते. आणि 'एरर' लिहिण्याआधी दोन्ही संघांच्या वह्या बघायच्या, मग त्या खेळाडूला स्वतः जाऊन विचारायचे. यात अर्धा तास जातो आणि घरी पोचायला मध्यरात्र होते. सौ. म्हणते, "एवढी चौकशी लग्न जमवताना केली नव्हती तुम्ही!"

आपल्यापैकी अनेकांच्या मुली-नाती आता शाळेच्या संघांतून खेळतात. त्यांच्या सामन्याला जाल तेव्हा नुसता स्कोअर विचारून परतू नका. एक वही घ्या, जाळीमागे बसा आणि निदान एक सामना शेवटपर्यंत लिहून काढा. कोणाचा चेंडू सुटला हे तर दिसेलच. का सुटला, तेही कदाचित दिसेल.