दाराचं लॉक घुरघुरतंय? अख्खं बदलू नका!

वाशीत पार्किंगमध्ये गाडीचा रिमोट दाबला. तीन दारं खटकन लागली, मागचं डावं नुसतंच घुरघुरलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, अख्खं लॉक बदलावं लागेल. म्हटलं, थांबा जरा!

लॉक हलवणारा ॲक्च्युएटर म्हणजे १२ व्होल्टची चिमुकली मोटर आणि प्लास्टिकचे गिअर. आवाज येतो पण लॉक हलत नाही, तर बहुधा गिअरचे दाते झिजलेत. आवाजच नसेल, तर आधी बिजागरीजवळची रबरी नळी सरकवून वायर बघा. दार उघड-बंद होऊन वायर तिथेच तुटते. मग काम नुसत्या सोल्डरवर भागतं.

माझ्या गाडीत गिअरचे दातेच गेले होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर २ तारांचा सुटा ॲक्च्युएटर दोनशे रुपयांत मिळाला. (५ तारांचा ड्रायव्हरच्या दाराचा असतो, तो उचलू नका.) दुकानातच बॅटरीला लावून पाहा: तारा उलट केल्या की दांडी उलट सरकायला हवी. घरी आणून तो लॉकच्या जुन्या दांडीला क्लॅम्पने जोडला.

काम करताना काच पूर्ण वर ठेवा. आणि दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवा. मी घाई केली. पहिल्याच पावसात मागचं मॅटिंग ओलंचिंब!