दादांची मॅटॅडोर आणि माझा हिशेब

जऊळका रेल्वे येथील आमच्या वडिलोपार्जित दुकानाची मॅटॅडोर थोरल्या बंधूंनी जुनीच घेतली होती. तिच्या पाच आकडी मीटरचे काटे तीनदा शून्यावर येऊन गेले होते. मालेगावचा बाजार, वाशीमचे किराणा ठोक व्यापारी आणि हंगामात अकोल्याच्या दालमिली हा तिचा नित्याचा प्रवास.

या गाडीविषयी आपल्या समाजाला थोडी आपुलकी असावी, कारण ती बनविणाऱ्या बजाज टेम्पो कंपनीचे संस्थापक नवलमल फिरोदिया हे अहमदनगरच्या जैन कुटुंबातील. पेशाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. पुढे १९५८ मध्ये त्यांनी हा कारखाना उभारला. ‘टेम्पो’ हे मूळचे एका जर्मन कंपनीचे नाव. आज खेड्यातील आजीबाईही तो मराठी शब्द समजूनच वापरतात!

२०११ मध्ये नवी गाडी घ्यावी का, असे दादांनी मला विचारले. मी तेव्हा बँकेत कर्ज विभागात होतो. दादांची वही मागवून घेतली. वर्षाचा प्रवास १८,००० किलोमीटर आणि दुरुस्ती ५४,००० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ३ रुपये. गाडी ११ दिवस बंद होती, त्या दिवसांचे भाडे १६,५०० रुपये. ते धरूनही ४ रुपयांच्या आत. नव्या गाडीचा हप्ता मासिक ९,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ६ रुपयांहून अधिक. “दादा, जुनीच चालवा,” असे मी ठामपणे सांगितले. एम.कॉम. झालेल्या धाकट्या भावाचा शब्द. दादांनी तो मानला.

पुढील उन्हाळ्यात पुतण्या तुरीची पोती घेऊन अकोल्यास निघाला. पातूरचा घाट उतरताना ब्रेकचे पायडल एकाएकी मऊ पडून खाली गेले. त्याने प्रसंगावधान राखून गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराकडील कडेला घासत थांबवली. तो हातावरील खरचटण्यावर निभावला.

मिस्त्रीने कारण सांगितले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. साधारण दोन वर्षांनी ते बदलले नाही, तर सतत ब्रेक दाबल्याने तापून त्यात वाफ धरते आणि पायडल पोकळ होते. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. मी वही पुन्हा चाळली. इंजिन ऑइल, टायर, क्लच प्लेट, सारे तारखेनिशी होते. ब्रेक ऑइलची एकही नोंद नव्हती. तीच वही मी वर्षभरापूर्वी ओळीन् ओळ तपासली होती, आणि मला फक्त रकमा दिसल्या होत्या.

आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीचे पासिंग आता दरवर्षी करावे लागते. तथापि दोन पासिंगांमधले महिने मालकाच्याच जबाबदारीचे असतात. गाडी जुनी ठेवण्यास माझी आजही हरकत नाही. किलोमीटरचा तो हिशेब आकड्यांपुरता बरोबरच होता. परंतु घाट उतरणारी गाडी असेल, तर ब्रेकचा खर्च दुरुस्तीच्या बेरजेत मिसळू नये, त्यास वेगळे पान द्यावे.

दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मॅटॅडोर त्यांनी त्याच महिन्यात मोडीत काढली. नव्या गाडीची वही पुतण्या लिहितो, आणि दिवाळीला गावी गेलो की ती न मागता माझ्यापुढे आणून ठेवतो.