घर घेताना होणाऱ्या चुका : विसार देण्याआधी कागद वाचा

बेळगाव परिसरात घर किंवा प्लॉट घ्यायचा म्हटले की दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त आधी ठरतो, विसार लगोलग दिला जातो आणि कागदपत्रे 'नंतर बघू' म्हणून मागे पडतात. पुढच्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून सुरू होतात. म्हणून नेहमी आढळणाऱ्या चुका आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

1. न समजलेल्या कागदावर सही

1956 पूर्वीचे अनेक दस्त मराठीत आहेत, काही जुने मोडीतही आहेत. आजचे खरेदीपत्र, उतारा आणि खाते मात्र कन्नडमध्ये असते. बाजारात कन्नड बोलता येणे वेगळे आणि दस्त वाचता येणे वेगळे. एजंटने तोंडी सांगितलेल्या मजकुरावर विसंबू नका. व्यवहारात ज्याचा हितसंबंध नाही अशा जाणकाराकडून संपूर्ण मसुदा मराठीत समजून घ्या. नावे, सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक, क्षेत्र, रक्कम आणि चतुःसीमा या पाच गोष्टी स्वतः ताडून पाहा. चतुःसीमेला कन्नड दस्तात 'चक्कुबंदी' म्हणतात. तो कागद हातात घेऊन जागेवर जा आणि चारही बाजूंना कोण आहे ते विचारा. क्षेत्र मोजून घ्या; 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. नाव आणि आडनाव आधार कार्डाप्रमाणेच लिहिले आहे ना, तेही पाहा. ही दुरुस्ती नोंदणीआधी सोपी असते, नंतर कटकटीची.

2. बाँड पेपरवरची खरेदी

शहराच्या कडेला 100 रुपयांच्या बाँडवर गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधलेली कुटुंबे आपल्यातच आहेत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. केवळ करारपत्र व मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. घरपट्टीची किंवा वीजबिलाची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे.

3. शेतजमिनीचा प्लॉट

जमीन बिगरशेती झाली आहे का, ले-आउटला बुडाची म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. दोन्हींचे आदेश पाहायला मागा. ग्रामपंचायत हद्दीत नमुना 9 सोबत 11-अ आहे की 11-ब मिळतो आहे, ते बघा. शहरात ए-खाता आणि बी-खाता यांतला फरक असाच महत्त्वाचा आहे. बी-खाता मिळाला म्हणजे ले-आउट किंवा बांधकाम नियमित झाले असे होत नाही. अशा जागेवर बँकेचे कर्ज मिळणेही अवघड जाते.

4. बोजा आणि वारस

नोंदणी खात्याकडून निदान 30 वर्षांचे ईसी काढा. नोंदलेले व्यवहार नमुना 15 मध्ये दिसतात. नमुना 16 म्हणजे त्या काळात नोंद नाही. पण तोंडी वाटणी किंवा नोंदणी न केलेला करार ईसीत दिसत नाही. शेतजमिनीच्या उताऱ्यावरचा 11 वा रकाना अवश्य वाचा. इतर हक्क आणि कर्जाच्या नोंदी तेथे असतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बहिणींच्या हक्काकडे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीने दिला. कर्नाटकाने तशी तरतूद 1994 मध्येच केली होती. कोल्हापूरला किंवा पुण्याला दिलेल्या बहिणीची सही नसेल, तर दहा वर्षांनीही दावा उभा राहू शकतो. म्हणून वंशावळ मागा आणि सर्व वारसांच्या सह्या घ्या. जमीन अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली असेल, तर 1978 च्या कायद्याप्रमाणे शासनाच्या परवानगीशिवाय झालेली विक्री टिकत नाही.

5. फ्लॅट घेताना

प्रकल्पाचा रेरा क्रमांक कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर तपासा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दर ठरवताना कार्पेट एरिया धरा. बांधकाम पूर्ण झाले असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मागा.

पैसे केव्हा द्यावेत?

आधी सर्व कागदांच्या प्रती घ्याव्यात, मग आपण नेमलेल्या वकिलाचा लेखी अभिप्राय, त्यानंतर मराठी आणि कन्नड दोन्ही वृत्तपत्रांत जाहीर नोटीस आणि शेवटी विसार. विसार चेकने किंवा बँकेतून द्या आणि मालकीत दोष निघाल्यास तो परत मिळेल, अशी अट करारात लिहून घ्या. किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर 1 टक्का टीडीएस कापून भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी असते. विकणारा कितीही ओळखीचा असला, नात्यातला असला, तरी या क्रमात बदल करू नये. प्रती द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर मुहूर्त पुढे ढकलावा.