बोलपटावरून कादंबरी

कादंबरीवरून बोलपट निघतो ही गोष्ट आमच्या वाचकांस नवीन नाहीं. साने गुरुजींची 'श्यामची आई' आधीं घरोघर वाचली गेली आणि मग १९५३ सालीं आचार्य अत्रे यांनीं तिला पडद्यावर आणलें. परंतु बोलपट आधीं आणि त्यावरून कादंबरी मागाहून, अशी उलटी गंगा पाश्चात्य देशांत कित्येक वर्षें वाहत आहे, आणि तिच्या कांठीं आपला चरितार्थ चालविणाऱ्या लेखकांचा एक स्वतंत्र वर्गच तेथें निर्माण झाला आहे, हें मात्र आपल्याकडे फारसें कोणाच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं. अशा पुस्तकास इंग्रजींत 'टाय-इन' म्हणतात. म्हणजे बोलपटाच्या किंवा दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या दाव्याला बांधलेलें पुस्तक. विज्ञानकथांच्या प्रांतांत हा व्यवसाय विशेष भरभराटीस आला. त्यांतील लेखक काय करतात, कोणत्या अटींवर करतात आणि त्यांच्या पदरांत काय पडतें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या वर्गांतील सर्वांत नांवाजलेले गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील ॲलन डीन फॉस्टर. त्यांचा जन्म १९४६ सालचा. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत त्यांनीं प्रथम राज्यशास्त्राचें व नंतर चित्रपटविद्येचें शिक्षण घेतलें. 'स्टार ट्रेक' या मालिकेची जी कार्टून आवृत्ति निघाली होती तिच्यावरून १९७४ पासून दहा पुस्तकें लिहून त्यांनीं आपला हात बसविला. याच सुमारास जॉर्ज लुकास नांवाचे एक तरुण दिग्दर्शक 'स्टार वॉर्स' हा बोलपट तयार करीत होते. त्याच्या पटकथेवरून कादंबरी लिहिण्याचें काम फॉस्टर यांजकडे आलें, व तें पुस्तक नोव्हेंबर १९७६ मध्यें, म्हणजे बोलपट पडद्यावर येण्यापूर्वीं सुमारें सहा महिने, बाजारांत आलें. मुखपृष्ठावर लेखक म्हणून नांव होतें तें मात्र लुकास यांचें. याचें फॉस्टर यांस वाईट वाटलें काय? त्यांनीं पुढें सांगितलें तें असें कीं, कथा मुळांत लुकास यांची. थोर वास्तुशिल्पज्ञानें आंखलेल्या घरावर कंत्राटदारानें आपलें नांव कोरण्याचा हट्ट कां धरावा? ही वृत्ति आम्हांस मोठ्या मनाची वाटते. मात्र कंत्राटदाराची ठरलेली मजुरी त्यास चुकती मिळाली पाहिजे, हा मुद्दा निराळा. त्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

अशा लेखकाचें काम चालतें कसें तें पाहूं. बोलपटाचें चित्रीकरण अद्यापि चालू असतांच त्याच्या हातीं शेंसव्वाशें पानांची पटकथा पडते. तींत संवाद असतात, स्थळकाळाच्या त्रोटक सूचना असतात, आणि दुसरें फारसें कांहीं नसतें. तयार बोलपट पाहण्याची संधि त्याला बहुधा लाभत नाहीं. पुस्तक बोलपटाच्या आगेमागेंच दुकानांत मांडलें जावें हा प्रकाशकाचा आग्रह. म्हणून मुदत पुष्कळदां कांहीं आठवड्यांचीच. पटकथा जशीच्या तशी गद्यांत उतरविली तर कादंबरीचा अर्धाही ऐवज भरत नाहीं. उरलेला कोठून आणावयाचा? पडद्यावर नटाची एक भुंवई वर गेली कीं काम भागतें. कागदावर ती भुंवई कां वर गेली, त्या माणसाचें बालपण कसें गेलें, ज्या ग्रहावर तो उभा आहे तेथील वाऱ्याला वास कशाचा येतो, हें सगळें लेखकानेंच पुरवावें लागतें. आणि हें पुरवितांना मूळ कथेला कोठें ओरखडाही उठतां कामा नये, कारण हस्तलिखित कथेच्या मालकाच्या कचेरींतून तपासून यावयाचें असतें.

त्यांतून पटकथा स्थिर राहील तर शपथ! लेखक एकीकडे लिहीत असतो आणि दुसरीकडे दिग्दर्शकाची कात्री चालत असते. 'स्टार वॉर्स'च्या कादंबरींत नायक ल्यूक हा निळ्या पथकांतला वैमानिक आहे. बोलपटांत तें पथक तांबडें झालें. कारण असें कीं, विमानांच्या लहान प्रतिकृति निळ्या पडद्यापुढें ठेवून चित्रें घेत, आणि निळा पडदा पुसून टाकतांना विमानांवरील निळ्या खुणाही पुसल्या जाऊं लागल्या. पुस्तक तर लिहून झालें होतें. ल्यूकचा मित्र बिग्ज त्याला गांवीं भेटतो तो प्रसंग, आणि जॅबा नांवाचा गुंड आपल्या थकलेल्या पैशांसाठीं हान सोलोला गांठतो तो प्रसंग, हे दोन्ही बोलपटांतून गळाले, पण पुस्तकांत राहिले. जॅबाचा प्रसंग पडद्यावर दिसावयास १९९७ साल उजाडावें लागलें. पुस्तकाच्या वाचकांस तो वीस वर्षें ठाऊक होता.

याहून चमत्कारिक गोष्ट 'एलियन' या १९७९ सालच्या बोलपटाची. अंतराळयानांत शिरलेला एक भयंकर प्राणी एकेका खलाशाचा बळी घेतो, अशी ती कथा. सगळी भीति त्या प्राण्याच्या रूपांत सांठविलेली. आणि कादंबरी लिहावयास बसविलेल्या फॉस्टर यांस निर्मात्यांनीं त्या प्राण्याचें चित्र दाखविण्याचें साफ नाकारलें! गुपित फुटेल अशी त्यांस धास्ती. तेव्हां फॉस्टर यांनीं त्या प्राण्याचें सविस्तर वर्णन टाळूनच पुस्तक तडीस नेलें. ज्यानें हत्ती पाहिला नाहीं त्यानें हत्तीवर दोनशें पानें लिहावीं आणि वाचणाऱ्याचा थरकांप उडवावा, यास कारागिरी म्हणूं नये तर काय म्हणावें?

पुढें १९९२ सालीं याच मालिकेच्या तिसऱ्या बोलपटाच्या वेळीं त्यांचा धीर सुटला. दुसऱ्या बोलपटांत जिच्या सुटकेसाठीं नायिकेनें जिवाचें रान केलें ती न्यूट नांवाची लहान मुलगी तिसऱ्याच्या आरंभींच मेलेली दाखविली होती. फॉस्टर यांस हें असह्य वाटून त्यांनीं आपल्या पुस्तकांत तिला जिवंत ठेवलें. वरून निरोप आला, पटकथेप्रमाणें लिहा. मुलगी पुस्तकांतही मेली. चौथ्या बोलपटाचें काम आलें तेव्हां त्यांनीं तें घेतलें नाहीं.

कथेच्या मालकापुढें मान ताठ ठेवण्याची ऐपत थोड्यांचीच. आयझॅक ॲसिमॉव्ह हे त्यांतले. १९६६ सालच्या 'फँटास्टिक व्हॉयेज' बोलपटांत अतिसूक्ष्म केलेली पाणबुडी माणसांसह एका रुग्णाच्या रक्तांत सोडलेली आहे. शेवटीं माणसें बाहेर येतात, पाणबुडी आंतच राहते. ॲसिमॉव्ह जीवरसायनशास्त्राचे अध्यापक. ते म्हणाले, ठराविक मुदतीनंतर सगळें मूळच्या आकाराचें होणार हा तुमचाच नियम; मग ती पाणबुडी त्या बिचाऱ्याच्या डोक्यांत फुगेल त्याचें काय? आपल्या पुस्तकांत त्यांनीं ती बाहेर काढूनच सोडली. त्यांचा वेग एवढा कीं पुस्तक बोलपटाच्या आधीं प्रसिद्ध झालें, आणि लोकांनीं समजूत करून घेतली कीं बोलपटच त्यांच्या पुस्तकावरून निघाला!

जेम्स ब्लिश यांची योग्यताही लहान नव्हती. १९५९ सालीं विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळविणाऱ्या या लेखकानें १९६७ पासून 'स्टार ट्रेक'च्या भागांच्या लघुकथा करून अकरा पुस्तकें भरलीं. पटकथांचे कच्चे खर्डे समोर ठेवून तो लिही, म्हणून कित्येक कथा पडद्यावरील भागांशीं जुळत नाहींत. १९७५ सालीं तो वारला तेव्हां बारावें पुस्तक अपुरें होतें. तें त्याच्या पत्नीनें, जे. ए. लॉरेन्स यांनीं, पुरें केलें.

आमच्याकडील सुशिक्षित मंडळी अशा लिखाणास भाडोत्री म्हणून नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. पण कीर्तनकाराचें आख्यान त्याचें स्वतःचें कोठें असतें? नळदमयंतीची कथा श्रोत्यांतील पोराटोरांसही पाठ असते. तरी एका बुवांच्या कीर्तनाला देऊळ अपुरें पडतें आणि दुसऱ्या बुवांच्या वेळीं समईच तेवढी जागत राहते. अर्थात् हीं सर्वच पुस्तकें वाचनीय असतात असें आमचें म्हणणें नाहीं; त्यांतलीं बरींचशीं आगगाडीच्या बांकावर विसरून यावयाच्याच लायकीचीं. तथापि इंग्लंडांतील टेरन्स डिक्स यांचें उदाहरण पाहा. बी. बी. सी. च्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे ते एके काळीं पटकथासंपादक होते. त्या काळीं घरोघरीं चित्रफितीचीं यंत्रें नव्हतीं. एकदां हुकलेला भाग सहसा पुन्हां पाहावयास मिळत नसे. आणि पुष्कळ जुन्या भागांच्या फिती तर त्या संस्थेनें पुसून दुसऱ्या कामीं लावल्या. अशा वेळीं १९७४ पासून डिक्स यांनीं त्या मालिकेच्या साठांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या लहानखुऱ्या, सरळ वाक्यांच्या, मुलांना एका दिवसांत संपवितां येतील अशा. इंग्लंडांतील एका सबंध पिढीस वाचनाची गोडी या पुस्तकांनीं लावली. डिक्स २०१९ सालीं निवर्तले.

दुसऱ्याच्या वाड्यांत भाडेकरू म्हणून राहणाऱ्यास एक भय सदा असतें. मालक कोणती भिंत कधीं पाडील याचा नेम नाहीं. 'स्टार वॉर्स' चालला नाहीं तर थोड्या खर्चांत दुसरा बोलपट काढतां यावा, या बेतानें लुकास यांनीं फॉस्टर यांजकडून दुसरी कादंबरी लिहवून घेतली. म्हणून तिची कथा धुक्यानें भरलेल्या ग्रहावर घडते. धुकें असलें कीं देखाव्यांचा खर्च वांचतो! ती १९७८ सालीं निघाली. तींत ल्यूक व राजकन्या लेया यांच्यांत प्रेमाची छटा आहे. १९८३ च्या बोलपटांत तीं दोघें सख्खीं बहीणभाऊ ठरलीं. फॉस्टर यांस तें कोण सांगणार? टिमथी झान यांच्या १९९१ सालच्या कादंबरीनें या विश्वाची ओसरलेली लोकप्रियता परत आणली, व तींतील साम्राज्याच्या राजधानीचें 'कोरुसंट' हें नांव पुढें बोलपटांनींही उचललें. तरी २०१४ सालीं मालकांनीं जाहीर केलें कीं, आजवरच्या कादंबऱ्यांतील हकीकती यापुढें प्रमाण मानल्या जाणार नाहींत.

हें सर्व लेखक सोसतात, कारण करारावर सही करतांना तें त्यांस ठाऊक असतें. पात्रें मालकाचीं, कथा मालकाची, बहुधा लेखनाचा हक्कही मालकाचाच. लेखकाचें म्हणून उरतें तें एवढेंच: ठरलेली रक्कम, आणि करारांत असेल तर दर प्रतीमागें थोडी रॉयल्टी. २०१२ सालीं डिस्ने कंपनीनें लुकास यांची संस्था विकत घेतली आणि २०१९ मध्यें 'एलियन'चे मालक ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सही तिच्या पोटांत गेले. पुस्तकें विकलीं जात होतीं; फॉस्टर यांची रॉयल्टी मात्र थांबली. नोव्हेंबर २०२० मध्यें त्यांनीं कंपनीस उघड पत्र लिहिलें. तेव्हां ते चौऱ्याहत्तर वर्षांचे असून पतिपत्नी दोघेंही दुखण्यानें गांजलीं होतीं. अमेरिकेंतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेनें त्यांची बाजू घेतली. तिच्या म्हणण्याप्रमाणें कंपनीची भूमिका अशी होती कीं, आम्ही हक्क विकत घेतले, देणीं घेतलीं नाहींत.

शेत विकत घ्यावें आणि शेतावरचा बोजा मागच्या मालकाकडे ठेवावा, असा हा न्याय! तो मान्य झाला असता तर कोणत्याही प्रकाशकानें आपला धंदा दुसऱ्या नांवावर करून लेखकांचीं देणीं एका दिवसांत बुडविलीं असतीं. मग तो लेखक परक्या विश्वांतला असो वा स्वतःच्या. म्हणूनच ज्यांनीं आयुष्यांत अशी कादंबरी लिहिली नाहीं त्या लेखकांनींही या भांडणांत आवाज उठविला. २०२१ मध्यें फॉस्टर यांचा प्रश्न कंपनीशीं तडजोडीनें मिटला. इतर कांहीं लेखकांचीं येणीं अद्यापि अडकलेलीं होतीं. त्यांच्यासाठीं संघटनेनें दुसऱ्या लेखकसंस्थांसह एक समिति नेमली, आणि ज्यांनीं कोणीं अशीं पुस्तकें लिहिलीं असतील त्यांनीं आपापले जुने करारनामे काढून रॉयल्टीचे हिशेब तपासावे, असें तिनें सर्वांस कळविलें.