वाचलेली वीज मोजायची कशी?

सौर बंब वीज निर्माण करीत नाही. तो फक्त पाणी तापवतो आणि त्यामुळे घरातला विजेचा गिझर लावावा लागत नाही. पवनचक्कीने किंवा सौर विद्युत पॅनेलने किती वीज दिली, हे मीटर पाहून सांगता येते. सौर बंबाने किती वीज वाचवली, हे दाखवणारा मीटर मात्र कोठेच नसतो. कारण जी वीज वापरलीच गेली नाही, ती तारेतून वाहिलेलीही नसते.

मग सौर बंबांना उत्तेजन देण्याची योजना आखताना सरकारने पैसे कशाच्या आधारे द्यावेत? कोणता बंब योजनेस पात्र आणि कोणता अपात्र, हे कसे ठरवावे? प्रश्न कार्यालयीन वाटतो, पण त्याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रात सापडते. भारताने त्याचे एक उत्तर दिले, ऑस्ट्रेलियाने दुसरे. या दोन रीती समजावून घेतल्या, तर ‘ऊर्जा वाचली’ या साध्या वाक्यात किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, हे आपल्या ध्यानात येईल.

आधी थोडे गणित

दिवसाला १०० लिटर पाणी तापवणारा बंब घेऊ. नळाचे पाणी २० अंश सेल्सियस आणि तापलेले पाणी ६० अंश. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून एकूण उष्णता १०० × ४० × ४.२ म्हणजे १६,८०० किलोज्यूल. एक युनिट (किलोवॅट-तास) म्हणजे ३,६०० किलोज्यूल. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ४.७ युनिट.

आता सूर्याकडून किती मिळते ते पाहू. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने आडव्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरवर दिवसाला ५ युनिटांच्या आसपास सौर ऊर्जा पडते. असे दोन चौरस मीटर घेतले तर १० युनिट. त्यांपैकी ४.७ युनिट पाण्यात उतरले, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ४७ टक्के. बंब चांगला चालला तर असे होते. तो चांगला चालेल याची खात्री कोण देणार? येथे चाचणी केंद्राचे काम सुरू होते.

संग्राहकाची परीक्षा

बंबाचे दोन मुख्य भाग असतात: उन्हाची उष्णता गोळा करणारा संग्राहक आणि तापलेले पाणी साठवणारी टाकी. काळी धातूची पट्टी, तिला जोडलेल्या नळ्या, वर काच आणि मागे उष्णतारोधक थर, अशा सपाट संग्राहकांसाठी आपल्याकडे भारतीय मानक आयएस १२९३३ आहे. त्यात संग्राहकाला बऱ्याच कसोट्यांतून जावे लागते. तो पाण्याविना कित्येक दिवस उन्हात ठेवतात. तापलेल्या काचेवर एकदम थंड पाणी फवारतात, तसेच तापलेल्या नळ्यांत थंड पाणी सोडतात. पावसासारखा फवारा मारून पाणी आत झिरपते का ते पाहतात. दाबाखाली नळ्या गळतात का, हेही तपासतात. एका उन्हाळ्यात तडकणारा बंब लोकांच्या पैशातून बसवला जाऊ नये, हा या कसोट्यांमागचा हेतू.

त्यानंतर कार्यक्षमता मोजतात. संग्राहक जितका गरम, तितकी त्याच्यातून हवेत जाणारी उष्णता जास्त. त्यामुळे कार्यक्षमता ही एकच संख्या नसते. ती ढोबळपणे अशी मांडता येते: सुरुवातीची कार्यक्षमता, वजा ऱ्हासांक गुणिले तापमानातील फरक भागिले उन्हाची तीव्रता. येथे ऱ्हासांक म्हणजे तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता बाहेर जाते ते. उदाहरणादाखल सुरुवातीची कार्यक्षमता ०.७५ आणि ऱ्हासांक ५ धरू. भर दुपारी, ८०० वॅट प्रति चौरस मीटर उन्हात, संग्राहक हवेपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर कार्यक्षमता सुमारे ०.५६ येते. ऊन ४०० वॅट आणि फरक ५० अंश असेल, तर ती केवळ ०.१२ च्या घरात जाते. संग्राहक तोच, ऊनही त्याच सूर्याचे, पण उत्तर साडेचार पटींनी वेगळे! म्हणून ‘आमचा बंब ७५ टक्के कार्यक्षम आहे’ अशी जाहिरात कोणी केली, तर ‘कोणत्या उन्हात आणि कोणत्या तापमानाला?’ असे विचारायला विद्यार्थ्यांना शिकवावे.

चौरस मीटरचा हिशेब

२०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात सौर बंबांचे उद्दिष्ट संग्राहकाच्या क्षेत्रफळात सांगितले होते. २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर गाठायचे होते. अनुदानही क्षेत्रफळाशी जोडलेले होते, आणि यंत्रणा मान्यताप्राप्त असावी ही अट होती. त्यासाठी चाचण्या करणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. बंबांवरील हे अनुदान २०१४ साली थांबले.

या रीतीचा मोठा गुण म्हणजे सोपेपणा. तपासनीसाने टेप घेऊन गच्चीवर जावे, लांबी-रुंदी मोजावी, हिशेब पुरा. खोटेपणाला वाव कमी. पण अडचणीही तितक्याच उघड आहेत.

पहिली अडचण क्षेत्रफळाचीच. सपाट पट्टीचे क्षेत्रफळ सरळ असते. निर्वात नळ्यांच्या बंबात संग्राहक म्हणजे काचेच्या गोल नळ्या. त्यांचे क्षेत्रफळ कोणते धरायचे? नळीचा सगळा वक्र पृष्ठभाग की वरून पाहिल्यावर दिसणारा आयत? पहिला दुसऱ्याच्या ३.१४ पट असतो. व्याख्या बदलली की पैसे बदलतात.

दुसरी अडचण टाकीची. आपल्याकडे आंघोळी सकाळी होतात, म्हणजे दिवसा तापलेले पाणी रात्रभर गरम राहावे लागते. १०० लिटर पाणी रात्रीत ६० वरून ५० अंशांवर आले, तर १.२ युनिट उष्णता गेली. म्हणजे गोळा केलेल्या उष्णतेचा चौथा हिस्सा! चौरस मीटर मात्र तितकेच राहतात.

तिसरी अडचण वापराची. समजा, जानेवारीत नळाचे पाणी १८ अंश आहे आणि घरातल्या पाच बादल्या, म्हणजे १०० लिटर पाणी, ४२ अंशांचे हवे आहे. त्यासाठी २.८ युनिट लागतात. मे महिन्यात नळाचे पाणी ३० अंश आणि हवे असलेले ३८ अंश. आता लागतात जेमतेम ०.९ युनिट. मेमध्ये ऊन कितीही कडक असले, तरी बचत या आकड्यापलीकडे जाऊ शकत नाही. बचत तापवलेल्या पाण्याने होत नाही, वापरलेल्या पाण्याने होते.

चौथी अडचण सर्वांत मूलभूत आहे. बंब येण्यापूर्वी त्या घरात पाणी कशावर तापत होते? गिझरवर तापत असेल तर वीज वाचली. तांब्याच्या बंबात लाकडे घालून तापत असेल तर लाकूड वाचले आणि धूर टळला. ही चांगलीच गोष्ट आहे, पण वीज एक युनिटही वाचली नाही.

ऑस्ट्रेलियाची रीत

ऑस्ट्रेलियाने क्षेत्रफळाऐवजी ऊर्जाच मोजायचे ठरवले. तेथे एप्रिल २००१ मध्ये नूतनीक्षम विजेची सक्तीची योजना सुरू झाली. वीज विकणाऱ्या कंपन्यांनी दरवर्षी ठरावीक संख्येची प्रमाणपत्रे जमा करायची. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॅट-तास, आपले १००० युनिट. पवनचक्की, जलविद्युत केंद्र यांच्याबरोबर सौर बंबालाही, वाचवलेल्या विजेबद्दल, प्रमाणपत्रे मिळू लागली.

मीटर नसताना आकडा कोठून आणायचा? त्यासाठी उत्पादकाला प्रत्येक नमुन्याची मान्यता मिळवावी लागते. आधी बंब सुरक्षित व टिकाऊ असल्याचा दाखला. मग संग्राहकाच्या चाचणीचे आकडे, टाकीतून जाणारी उष्णता, नळ्या, पंप आणि पूरक विजेच्या किंवा गॅसच्या तापकाची माहिती संगणकाच्या प्रतिमानात घालतात. हे प्रतिमान वर्षभराचे हवामान आणि कुटुंबाचा ठरावीक वापर गृहीत धरून बंब कसा चालेल हे काढते. त्याच घरात नेहमीचा विजेचा तापक असता तर त्याला किती वीज लागली असती, तेही काढतात. दोहोंतील फरक ही बचत.

हवामान सगळीकडे सारखे नसल्याने देशाचे विभाग पाडले आहेत आणि घराचा विभाग पिनकोडवरून ठरतो. सिडनी तिसऱ्या विभागात येते, थंड आणि ढगाळ मेलबर्न चौथ्या. त्यामुळे तोच बंब दोन शहरांत वेगवेगळी प्रमाणपत्रे मिळवू शकतो. मान्य नमुने आणि त्यांची विभागवार प्रमाणपत्रे यांची यादी नियामक प्रसिद्ध करतो.

आणखी एक युक्ती आहे. दरवर्षी घरोघर जाऊन हिशेब करणे परवडणारे नाही, म्हणून दहा वर्षांची बचत आधीच गृहीत धरून सारी प्रमाणपत्रे बसवतानाच देत. समजा एका बंबाला ३० प्रमाणपत्रे मिळाली. याचा अर्थ दहा वर्षांत ३०,००० युनिट, म्हणजे दिवसाला ८ युनिटांहून थोडी अधिक बचत गृहीत धरली. योजना २०३० अखेर संपणार असल्याने आता हा गृहीत काळ वर्षागणिक कमी केला जात आहे. घरमालक सहसा प्रमाणपत्रे विक्रेत्याच्या नावे करतो आणि त्या बदल्यात किंमत कमी करून घेतो.

सूत्राचे परिणाम

ही रीत अधिक शास्त्रीय आहे यात शंका नाही. चांगल्या टाकीचे श्रेय तिच्यात मिळते, हवामानाचा फरकही धरला जातो. पण सूत्रात एकदा पैसा आला की माणसे सूत्राकडे पाहून यंत्रे निवडू लागतात. या योजनेत उष्मापंपही पात्र होते. ते हवेतील उष्णता खेचून पाणी तापवतात; त्यांना वीज लागते, पण साध्या तापकापेक्षा बरीच कमी. २००९ च्या सुमारास बंब, उष्मापंप आणि छपरावरील सौर पॅनेल यांच्या प्रमाणपत्रांचा पूर आला आणि प्रमाणपत्रांचा भाव घसरला. त्याच भावाच्या भरवशावर उभे राहणारे पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प अडचणीत आले. अखेर जानेवारी २०११ पासून योजनेचे दोन भाग करण्यात आले: मोठ्या केंद्रांसाठी एक आणि घरगुती साधनांसाठी दुसरा. पात्र उष्मापंपांच्या आकारावरही मर्यादा आली.

शिवाय प्रतिमानातला बंब आणि छपरावरचा बंब एकच नसतात. प्रतिमानातल्या बंबावर शेजारच्या झाडाची सावली पडत नाही आणि त्याचा पूरक तापक कोणी विनाकारण चालू ठेवत नाही. मान्यता मिळते ती नमुन्याला. बचत होते ती घरात.

आम्हाला वाटते, दोन्ही रीतींपासून घेण्यासारखा धडा एकच आहे. टेपने मोजलेला आकडा पक्का असतो, पण तो बचतीचा नसतो. गणिताने काढलेला आकडा बचतीचा असतो, पण तो गृहीतांवर उभा असतो. लोकांचा पैसा खर्च करायचा तर ती गृहीते उघडपणे मांडलेली असावीत आणि अधूनमधून काही घरांत प्रत्यक्ष मापे घेऊन ताडून पाहावीत.

वर्गात करण्याजोगे

एक तापमापक आणि एक बादली एवढ्या साहित्यावर हे ताडून पाहणे सुरू करता येते. विद्यार्थ्यांनी वर्षभर, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, सकाळी नळाच्या पाण्याचे आणि आंघोळीच्या पाण्याचे तापमान नोंदवावे. घरात किती बादल्या लागतात आणि पाणी कशावर तापते, हेही लिहावे. वरच्या रीतीने दर महिन्याची गरज युनिटांत काढून आलेख काढावा. ज्यांच्या घरी सौर बंब आहे त्यांनी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मधल्या काळात पाणी वापरलेले नसताना, टाकीतून येणाऱ्या पाण्याचे तापमान मोजावे. पाणी कढत असू शकते, म्हणून हे माप मोठ्या माणसांनी घ्यावे. रात्रीत किती अंश गेले ते समजले की बंबाचा निम्मा स्वभाव समजला. आणि पावसाळ्यात मुलांच्या लक्षात आणखी एक गोष्ट येईल: गरम पाण्याची गरज असते, तेव्हाच ऊन नसते. असा दिवस हिशेबात कसा धरायचा, हे त्यांनाच ठरवू द्यावे.