बँडपासून पाच मीटरवर

आजच्या एपिसोडचा प्रश्न साधा आहे. लहान जागेत ऐकलेला बँड एवढा वेगळा का वाटतो?

जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मी कोल्डप्ले ऐकला. मजा आली. पण वाशिम जिल्ह्यात वाढलेल्या पोराला ‘बँड’ म्हटलं की आधी लग्नाचा बँड आठवतो. मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावात वरातीला एकच बँड यायचा. लाल कोट, सोनेरी झालर आणि पुढे क्लॅरनेट वाजवणारे मास्तर. मी त्यांच्यामागे पार वेशीपर्यंत जायचो.

मागच्या उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नात तोच बँड पुन्हा दिसला. अठरा जणांचे सात उरले होते. वरातीला डीजे ठरला होता, बँड फक्त नवरदेवाच्या मारुतीदर्शनापुरता. पण ऐन वेळी अवकाळी पाऊस आला, लाइट गेली आणि सगळं वऱ्हाड मारुतीच्या सभामंडपात शिरलं. डीजेची गाडी ताडपत्रीखाली गप्प. बँडला कुठे लाइट लागते? मास्तरांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं.

खरं सांगू? पहिलं गाणं म्हणजे नुसता गोंगाट होता. यात वाजवणाऱ्यांची चूक नव्हती. ही पितळी वाद्यं आपल्याकडे इंग्रजांच्या लष्करी बँडमधून आली, म्हणजे उघड्या मैदानासाठीची. मैदानात आवाज पसरतो, अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलने उतरतो. सभामंडपात मात्र वर पत्रा, खाली फरशी, बाजूला सिमेंटच्या भिंती. आवाज आपटून परत येतो आणि आधीचा सूर विरायच्या आत पुढचा त्यावर चढतो.

मग मास्तरांनी जे केलं ते मी बघतच राहिलो. ढोलवाल्याला दाराशी नेलं. साइड ड्रमवर दुमडलेला रुमाल टाकला. ट्रम्पेटवाल्यांना तोंडं खाली, सतरंजीकडे करायला सांगितलं. ट्रम्पेटचा तीक्ष्ण आवाज तोंड असेल त्या दिशेलाच जास्त जातो आणि कापड तो शोषून घेतं. तोवर मंडपही भरला होता. माणसं आणि त्यांचे कपडेसुद्धा आवाज शोषतात. मास्तरांनी लय थोडी उतरवली. दुसऱ्या गाण्याला प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू आलं. क्लॅरनेटमध्ये शिरणारा मास्तरांचा श्वाससुद्धा!

आता थोडं गणित. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्टेजपासून 100 मीटरवर बसलात, तर तो जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो. म्हणून ड्रमवर काठी आधी पडलेली दिसते आणि ठोका मागून येतो. सभामंडपात मी पाच मीटरवर होतो. म्हणजे उशीर फक्त 15 मिलिसेकंद. एवढा फरक मेंदूला जाणवतच नाही, हात आणि आवाज एकच वाटतात. मी दिवसभर ॲपमधली लेटन्सी कमी करत बसतो. इथे फक्त पुढे सरकून बसायचं होतं!

मी मोबाइलवर रेकॉर्डही केलं. रात्री ऐकलं तर पत्र्याचा डबा. मोठा आवाज आला की फोन तो आपोआप दाबतो, आणि त्याच्या इवल्याशा स्पीकरला ढोलाचा घुमारा पेलत नाही. छातीत जे वाजलं ते फोनमध्ये आलंच नाही.

पाऊस थांबला, लाइट आली, पोरं डीजेकडे पळाली. मास्तर क्लॅरनेट पुसत होते. मी म्हटलं, “काका, इतक्या वर्षांत तुमचं वाजवणं आज नीट ऐकलं.” ते हसले. “रोडावर आमचंच आमाले आयकू येत नाही, भाऊ. पुढं भोंगे, मांगं जनरेटर. आज आलं.”

तेव्हा कळलं, लहान जागेत फक्त आपल्यालाच बँड ऐकू येतो असं नाही. बँडलाही बँड ऐकू येतो. एकमेकांचं ऐकूनच तर ते सूर सावरतात.

मग मास्तर हळूच म्हणाले, “यंदा चारच सुपाऱ्या आल्या.”

पाचवी मी तिथेच दिली. दिवाळीनंतर धाकट्या भावाचं लग्न आहे. अट एकच, वरातीत नाही, मंडपात बसून तासभर वाजवायचं. मास्तर म्हणाले, “बसून? मंग तालीम करा लागन.”

तुमच्या गावचा बँड अजून वाजतोय का? पुढच्या लग्नात फोन खिशात ठेवा आणि पाच मीटरवर उभे राहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!