मुदखेड की मुखेड? आपत्कालीन फोनवरचा पहिला प्रश्न

मुदखेड, प्रतिनिधी

नांदेड जिल्ह्यात मुदखेड नावाचा एक तालुका आहे आणि मुखेड नावाचाही एक तालुका आहे. कागदावर या दोन नावांत एका अक्षराचा फरक दिसतो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून, शेतातल्या वाऱ्यात किंवा चालू ट्रॅक्टरच्या आवाजात तो ‘द’ ऐकूही येत नाही. मुदखेड हे नांदेडच्या पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरवरचे रेल्वे जंक्शन. मुखेड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लातूर जिल्ह्याच्या बाजूला. दोन्ही गावांमधील अंतर सरळ रेषेत मोजले तरी पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. रस्त्याने ते अर्थातच अधिक. रुग्णवाहिका चुकीच्या गावाकडे निघाली, तर ती चूक लक्षात येईपर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा साप चावलेल्या माणसाच्या हातातील बहुतेक वेळ निघून गेलेला असतो.

हा फरक ज्याने ऐकायचा, तो मात्र ना मुदखेडला बसलेला असतो, ना नांदेडला. राज्यात २०१४ मध्ये ‘१०८’ ही आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रतिसाद केंद्र पुण्यात औंध येथे उभारण्यात आले. मुदखेडपासून ते साडेचारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. २०२१ मध्ये पोलिसांची ‘११२’ सेवा राज्यात आली. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईतील महापे येथे आणि दुसरे नागपूरला. तेथे फोन घेतला जातो, माहिती संगणकावर भरली जाते, ती नांदेडच्या पोलीस नियंत्रण कक्षात पोहोचते आणि तेथील डिस्पॅचर जवळच्या गाडीला संदेश देतो. पूर्वी १०० क्रमांक फिरवला की जिल्ह्यातलाच कोणीतरी हवालदार फोन उचलत असे. त्याच्याजवळ नकाशा नसायचा, पण बारड कोठे आणि मुगट कोठे हे त्याला विचारावे लागत नसे. केंद्रीकरणाने प्रशिक्षित माणूस, ध्वनिमुद्रण, डॉक्टरांचा सल्ला आणि गाड्यांचा ठावठिकाणा या गोष्टी मिळाल्या. गावाची ओळख मात्र गेली. ती गेलेली ओळख फोनवर बसून, वर्षानुवर्षे चुका करत आणि ऐकत पुन्हा कमवावी लागते. या कामात ज्याला अनुभव म्हणतात, तो मुख्यत्वे हाच.

‘काय झाले?’ याआधी ‘कोठे?’

संकटातला माणूस फोन लागताच काय झाले ते सांगू लागतो. मुरलेला डिस्पॅचर त्याला थांबवून आधी ठिकाण विचारतो. फोन करणाऱ्याला हा कोरडेपणा वाटतो, क्वचित तो चिडतोही. त्यामागचे कारण साधे आहे. फोन मध्येच तुटला आणि ठिकाण कळलेले असेल, तर निदान गाडी तरी निघू शकते. घडलेला सगळा प्रसंग कळला आणि ठिकाण राहिले, तर काहीच करता येत नाही.

मोबाईलमुळे ठिकाण आपोआप कळत असेल, हा शहरी वाचकाचा समज अर्धाच खरा आहे. स्मार्टफोनचे उपग्रहावरून मिळणारे स्थान केंद्रापर्यंत पोहोचले तर उत्तमच. ‘११२ इंडिया’ या अॅपवरून ते पाठवता येते. साध्या फोनच्या बाबतीत मात्र कोणत्या मनोऱ्यावरून फोन आला, एवढ्यावर भागवावे लागते. शहरात मनोरे दाटीने असतात. ग्रामीण भागात एका मनोऱ्याखाली कित्येक किलोमीटरचा परिसर, चार गावे, दोन तांडे आणि असंख्य आखाडे येतात. मराठवाड्यात आखाडा म्हणजे शेतातले घर-गोठा. त्याला घर क्रमांक नसतो, रस्त्याचे नाव नसते; सालगड्याचे कुटुंब तेथे राहते आणि पत्ता म्हणून मालकाचे आडनाव सांगितले जाते. मुदखेड परिसर फुलशेतीसाठी ओळखला जातो. समजा, पहाटे फुले तोडायला गेलेल्या बाईला अंधारात काही चावले. तिच्या सोबतिणीने फोनवर सांगितलेला ‘पाटलाच्या आखाड्यावर’ हा पत्ता पुण्यातल्या नकाशावर कोठेही सापडणार नाही.

अशा वेळी अनुभवी माणूस पत्ता विचारत नाही, खुणा विचारतो. गावातून येताना शाळा कोणत्या हाताला लागते? कालवा ओलांडावा लागतो का? महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड काय म्हणतो? मुदखेडपुरती आणखी एक सोय आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गाला येथून आदिलाबादचा फाटा फुटतो, त्यामुळे रेल्वेरूळ अनेकांच्या जवळपास असतो. रेल्वे फाटकावर क्रमांक लिहिलेला असतो आणि रुळालगत किलोमीटरचे आकडे असतात. ज्याला आपले गाव कोणत्या तालुक्यात येते हे घाईत सुचत नाही, त्यालाही समोरच्या पाटीवरचा आकडा वाचता येतो.

नावांचा घोळ मुदखेडपुरता नाही. कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे आणि यवतमाळमध्येही. सेलू परभणीत आणि वर्ध्यात. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. भोकर नांदेडचे, तर भोकरदन जालन्याचे. शिरूर पुण्यात, शिरूर कासार बीडमध्ये आणि शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. एकट्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूरजवळचे मालेगाव वेगळे आणि लोहा तालुक्यातले यात्रेचे माळेगाव वेगळे. ही जंत्री पाठ असणे हा अनुभवाचा पहिला भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा : आपण बरोबर ऐकले असे वाटत असतानाही पुन्हा विचारणे. ‘मुदखेड ना? नांदेडहून रेल्वेने पुढे येतो ते जंक्शन? की मुखेड, जळकोट-उदगीरकडचे?’ असा शेजारच्या गावाचा आधार घेतला की उत्तर चुकत नाही. तेच नाव दोनदा उच्चारून मात्र काहीच साधत नाही. घाबरलेला माणूस दोन्ही वेळा ‘हो’ म्हणतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ ही गावे पुराने वेढली गेली आणि बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. अशा रात्री एका गावातून अनेक फोन येतात, प्रत्येक जण वेगळी खूण सांगतो, आणि ती सगळी एकच घटना आहे की चार वेगळ्या, हे ठरवणेही फोन घेणाऱ्यावरच येते.

सीमेवरची अडचण निराळी. धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागात मोबाईल कधी कधी पलीकडचा मनोरा पकडतो. १०८ हा क्रमांक तेलंगणातही चालतो. किंबहुना देशात तो प्रथम सुरू झाला तो तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, १५ ऑगस्ट २००५ रोजी. त्यामुळे मराठीत केलेली हाक तेलुगू केंद्रात पोहोचू शकते.

‘औषध घेतले’ म्हणजे काय?

ठिकाण कळले तरी पुढे भाषेचा प्रश्न उरतोच. मराठवाड्याच्या खेड्यात ‘औषध घेतले’ किंवा ‘औषध पिले’ असे फोनवर कोणी सांगितले, तर गोळी-काढा घेतल्याची ती बातमी नसते. फवारणीचे विष पोटात गेलेले असते. नव्या, शहरात वाढलेल्या कर्मचाऱ्याला ‘मग आता त्रास काय होतोय?’ असे विचारावेसे वाटेल. जाणता माणूस लगेच बाटलीवरचे नाव वाचायला सांगतो, उलटी करवू नका असे बजावतो आणि ती बाटली रुग्णालयात सोबत न्यायला सांगतो.

‘पान लागले’ हा शब्दप्रयोग तर अनेक शहरी मराठी वाचकांनाही ठाऊक नसेल. सापाचे नाव तोंडातून काढू नये या समजुतीतून आलेला हा बोल, अर्थ सर्पदंश. तो कळला, तर पुढच्या सूचना ठरलेल्या आहेत : चावलेला अवयव हलवू द्यायचा नाही, करकचून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, सापाच्या मागे धावायचे नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. ‘कळ’ आणि ‘कळा’ यांतही एका कान्याचेच अंतर. छातीत कळ आलेल्याला वेगळी मदत लागते, कळा सुरू झालेल्या बाईला वेगळी. शिवाय नांदेड भागात फोन दखनी उर्दूत येऊ शकतो, तांड्यावरून गोरमाटीत किंवा तेलुगूत येऊ शकतो. चार बोलींतले दहा-दहा शब्द समजणारा कर्मचारी केंद्रात किती उपयोगी पडतो, याचा हिशेब कोणत्याही भरतीच्या जाहिरातीत मांडला जात नाही.

सर्वात फसवा शब्द ‘घोरतोय’ हा असावा. ‘चक्कर येऊन पडले, पण श्वास चालू आहे, घोरतायत’ असे नातेवाईक सांगतात आणि थोडे निर्धास्त होतात. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे शरीर असे तुटक, घरघर आवाजाचे आचके देत राहते. तो श्वास नव्हे. म्हणून कसलेला डिस्पॅचर ‘श्वास चालू आहे का?’ एवढ्यावर थांबत नाही; प्रत्येक श्वासाला ‘आत्ता’ म्हणायला लावतो आणि स्वतः मधले अंतर मोजतो. अंतर फार पडले की तो गाडीची वाट न पाहता दाब द्यायला सांगतो : रुग्णाला जमिनीवर उताणे झोपवा, छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा, मोठ्याने मोजा. कोणीच दाब दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ सेवेने ग्रामीण भागासाठी ठेवलेले उद्दिष्ट ३० मिनिटांचे आहे, शहरासाठी २० मिनिटांचे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की फोनवरच्या आवाजाचे महत्त्व ध्यानी येते. गाडी पोहोचेपर्यंत जी काही वैद्यकीय मदत आहे, ती तोच आवाज.

फोनवरून उपचार सांगण्याची ही शिस्त तशी अलीकडची. लंडनमध्ये नोव्हेंबर १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. अग्निशमन दलाला फोन लावणाऱ्या शेजाऱ्याला टेलिफोन केंद्राने ताटकळत ठेवले होते. त्या संतापातून ३० जून १९३७ रोजी ९९९ हा जगातला पहिला आपत्कालीन क्रमांक आला. पण फोन घेणाऱ्याने ठरावीक प्रश्न विचारावेत आणि सूचना द्याव्यात, ही पद्धत अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीमध्ये डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बसवली. आरडाओरडा करणाऱ्याशी वाद न घालता तेच वाक्य, त्याच पट्टीत, त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणावे, ही युक्तीही त्याच पद्धतीतली. गावातल्या एखाद्या जुन्या सुईणीला ती कोणी न शिकवता येत असे, ही गोष्ट वेगळी.

गाडी एक, हाका दोन

राज्यात १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतील २३३ अतिदक्षतेच्या साधनांनी सज्ज आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षणाच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे महाराष्ट्राच्या योजनेचे वेगळेपण. तरी तालुक्याच्या वाट्याला येणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच. अशी एखादी गाडी बाळंतिणीला घेऊन नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय रुग्णालयाकडे निघालेली असताना भोकर रस्त्यावर अपघात झाला, तर काय करायचे? शेजारच्या अर्धापूरची किंवा उमरीची गाडी ओढायची, तर तिकडचा भाग उघडा पडतो. रेल्वे फाटक बंद असेल तर जवळची गाडी लांबची ठरते. संगणक अंतर दाखवतो; फाटकाची वेळ, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा पूल आणि शेतरस्त्यावरचा चिखल त्याला कळत नाही. ते फोनवरच्या माणसाला विचारूनच कळते.

त्यात खोट्या फोनांची भर. लहान मुलांच्या हाती दिलेला फोन, रिचार्जची चौकशी, दारूच्या नशेतील शिव्या. खोटी माहिती देऊन सरकारी यंत्रणेला कामाला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नुसार गुन्हा आहे. पण फोनवर कोणीच बोलत नाही म्हणून तो खोटा ठरवता येत नाही. मारहाण करणारा नवरा त्याच खोलीत असेल, तर बाईला बोलता येत नाही. मुरलेला कान अशा वेळी मागचे आवाज ऐकतो आणि केवळ ‘हो-नाही’ म्हणून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतो.

या कामाचा भार मनावर पडतो, हे बाहेर फारसे मानले जात नव्हते. अपघात डोळ्यांनी पाहिला नाही, मग त्रास कसला, असा सूर असे. हेदर पिअर्स आणि मिशेल लिली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, घटनास्थळी पाऊलही न ठेवणाऱ्या या कर्मचाऱ्यांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणे आढळली. तरीही त्याच देशाच्या २०१८ च्या व्यवसाय वर्गीकरणात हे काम कार्यालयीन व लिपिकवर्गीय गटातच राहिले. पोलीस आणि अग्निशामक वेगळ्या, संरक्षण सेवेच्या गटात. आपल्याकडे तर या कामाला सर्वांच्या तोंडी बसलेले मराठी नावही नाही. ‘कॉल सेंटरला आहे’ एवढीच ओळख घरी आणि शेजारी सांगितली जाते.

ऐकलेल्याचा शेवट सहसा कळत नाही, ही या कामातली आणखी एक गोष्ट. गाडी दारात आली की फोन करणारा मोबाईल टाकून धावतो. ओळीवर काही क्षण पावलांचा आणि रडण्याचा आवाज येत राहतो, मग फोन बंद होतो. बाई वाचली की नाही, हे विचारायला पुन्हा फोन करण्याची सोय नसते. पडद्यावर पुढचा फोन आलेला असतो, आणि त्यालाही आधी ‘कोठे?’ हेच विचारायचे असते.